शेवटची आठ पानं

नोकरी होती तोवर, एक सोडलं तर, छापलेलं पुस्तक मी कधी सरळ वाचलं नाही. सव्वीस वर्षं रत्नागिरीतल्या एका छापखान्यात मी बाइंडिंगला होते. आमच्या हातात पुस्तक यायचं ते मोठाल्या कागदांवर, उलटंसुलटं. एका कागदावर सोळा पानं. पहिल्याच्या शेजारी सोळावं, चौथ्याच्या शेजारी तेरावं आणि निम्मी पानं डोक्यावर उभी. तीन घड्या घातल्या की ती सगळी मुकाट ओळीला लागतात. ह्या सोळा पानांच्या घडीला आम्ही फर्मा म्हणतो. घड्या घालताना नजर जायचीच. त्यामुळे माझ्या वाचनात माणसं आधी मरायची आणि मग त्यांची लग्नं ठरायची. सवय झाली होती.

ह्या अंकाच्या संपादकबाईंनी कामाबद्दल लिहा म्हटलं तेव्हा मी म्हटलं, अहो, खळ आणि दोरा ह्यांच्या गोष्टी दिवाळीत कोण वाचणार? त्या म्हणाल्या, मग एखादी चूक लिहा, चुका सगळे आवडीने वाचतात. मी हसले आणि फोन ठेवला. दोन दिवस काही सुचेना. कारण चूक एकच आहे, आणि ती मी तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. गेल्या वर्षी सांगितली. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी काम काय असतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फर्मे घडी करून झाले की लांब टेबलावर त्यांच्या थप्प्या लावायच्या, पहिला, दुसरा, तिसरा अशा. मग टेबलाभोवती फिरत प्रत्येक थप्पीतला एकेक उचलायचा. एक फेरी झाली की हातात एक पुस्तक. पाचशे प्रती म्हणजे पाचशे फेऱ्या. पाय बोलायला लागायचे. मग शिलाई, मग खळ, मग पुठ्ठा, मग तिन्ही बाजूंनी कापणी. खळीत मोरचूद घालायचं, म्हणजे झुरळं आणि वाळवी पुस्तकाच्या वाटेला जात नाहीत. त्या मोरचुदाने माझी नखं कायम हिरवट असायची. लग्नकार्यात बायका विचारायच्या, हा कुठला रंग गो, छान आहे. मी म्हणायची, मुंबईहून ह्यांनी आणलाय. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, मुंबईला कंपनीत होते, शिमग्याला आणि गणपतीला यायचे, त्यामुळे खोटं पचायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. पूर्णगडचा एक तांडेल बापाची जुनी वही घेऊन आला. समुद्रात कुठे, किनाऱ्यावरची कुठली खूण बघून जाळं टाकायचं ते सगळं तीत लिहिलेलं. पानं खाऱ्या पाण्याने फुगलेली. म्हणाला, "वाचायची नाय हां बाय." आणि काम होईपर्यंत दोन दिवस समोर स्टुलावर बसून राहिला. मी वाचली नाही. एक ओळ दिसली तेवढी. गडाचा बुरूज आणि पिंपळ एका रेषेत आला की थांब, असं काहीतरी. कुठला पिंपळ ते मी इथेही लिहिणार नाही. त्याने विश्वास टाकला होता.

देवरूखचे एक निवृत्त मास्तर होते. कवितांचं पुस्तक काढलं आणि न्यायला आले तेव्हा छापखान्यातच बसून प्रत्येक प्रतीची पानं मोजली. छापखान्याचे मालक अण्णा त्यांना म्हणाले, मास्तर, आमच्या शालूताईच्या हातून आजवर एक पान इकडचं तिकडे झालेलं नाही. शालूताई म्हणजे मी. मास्तर काही थांबले नाहीत. ते गेल्यावर आम्ही सगळे पोट धरून हसलो, आणि मी तर जरा जास्तच. तो माझा तोरा होता.

त्यानंतर दोन वर्षांनी शेलारसाहेब आले.

शेलारसाहेब अलोऱ्याचे. म्हणजे मूळचे साताऱ्याकडचे, पण अलोऱ्याच्या कॉलनीत राहायचे आणि डोंगराच्या पोटातल्या वीजघरात ऑपरेटर होते. बोलणं आमच्यासारखं हेल काढून नाही, ठोक. त्यांनी कादंबरी लिहिली होती. ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदांवर, बारीक अक्षरात. दुसरी प्रत केलेली नव्हती. अण्णांनी विचारलं, विषय काय? तर म्हणाले, पुढच्या काळातली गोष्ट आहे, शंभर दीडशे वर्षांनंतरची.

चहा पिताना त्यांनी मला सांगितलं की खाली पाळीवर गेलं की दिवस काय आणि रात्र काय, सगळं ट्यूबलाइटच्या उजेडात. वर आल्यावर आधी आभाळाकडे बघायचं, कितपत वेळ झालाय ते. एकदा लिफ्टची वाट बघत उभे असताना त्यांच्या मनात आलं की मला कुणी सांगितलं, वर आता काही शिल्लक नाही, तर? मी इथेच राहीन. मुलांना तेच सांगेन. मुलं त्यांच्या मुलांना सांगतील. तिथून ते पुस्तक निघालं.

"सातवा बोगदा" असं नाव होतं. आभाळ पेटलं, जग जळालं, आणि थोडी माणसं डोंगरातल्या बोगद्यांमध्ये वाचली. तीन पिढ्या आतच. सहा बोगद्यांत वस्ती, सातवा बंद. सातव्याच्या टोकाला लोखंडी दार. दारापलीकडे विषारी हवा आहे, कडीला हात लावायचा नाही, असं सगळ्यांना लहानपणापासून सांगितलेलं. मग दोन भावंडांना शंका येते की हे खरं कशावरून.

हे पुस्तक मला उलटंसुलटं वाचवेना. जन्मात पहिल्यांदा मी खराब निघालेले कागद घरी नेले, घड्या घातल्या आणि ओळीने वाचलं. अकरा फर्मे, म्हणजे एकशे शहात्तर पानं. शेवटी बहीण दारापर्यंत पोचते आणि ओळ येते, "कडी हाताला थंड लागली." तिथे प्रकरण संपायचं. पुढचं, शेवटचं प्रकरण आठ पानांचं, ते अजून मशीनवर चढायचं होतं. मला अगदी धीर धरवेना. दारापलीकडे काय आहे?

ती आठ पानं शनिवारी छापली. मी त्या दिवशी पाहुण्यांच्या लग्नाला गेले होते. आठ पानांचा अर्धा फर्मा एका कागदावर दोनदा छापतात आणि मधून कापतात, म्हणजे कागद निम्मेच लागतात. त्यामुळे थप्पी लहान झाली. मशीनवाल्याने ती सुकायला म्हणून भिंतीलगत ठेवली. तिथेच शेजारी रद्दीचा ढीग असायचा, खराब कागद आणि काम झालेल्या मूळ लेखनाचे तुकडे. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून झाले की लेखकाचं मूळ लेखन रद्दीत, हा आमच्याकडचा रिवाजच.

सोमवारी सकाळी रद्दीवाले इस्माईलभाई आले. आंब्याचे दिवस. पेटीत तळाला पेंढा आणि वर कागद घालतात, त्यामुळे ह्या दिवसांत रद्दीला फार मागणी. मी घड्या घालत होते, पाठ त्यांच्याकडे. त्यांनी विचारलं, ताई, काय काय न्यायचं? मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हटलं, भिंतीलगतचं सगळं घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुळवणीला थप्प्या लावल्या, तर अकराच्या पुढे टेबल रिकामं. मी मशीनवाल्याला विचारलं, शेवटचं कुठाय? तो म्हणाला, भिंतीलगत ठेवलंय की.  त्याला म्हटलं, हो हो, बघितलं मी. आणि डोकं दुखतंय असं सांगून निघाले.

इस्माईलभाईंनी माल पूर्णगडच्या वाटेवरच्या एका बागेत दिला होता. मी तशीच एसटीत बसले. बागेच्या शेडमध्ये पोचले तर पेट्यांचा ट्रक सकाळीच गेलेला. शेलारसाहेबांच्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं गुपित हापूसच्या पेट्यांमध्ये वाशीच्या बाजाराला लागलं होतं. शेडच्या कोपऱ्यात डागी आंबे वेगळे काढून ठेवले होते आणि त्यांच्याखाली एकच कागद अंथरलेला. पेट्या भरणाऱ्या बाईला म्हटलं, तो कागद देता का? तिने आंबे बाजूला लोटले, कागद झटकला आणि म्हणाली, "एवढ्याशा कागदासाठी आलीस गो रत्नागिरीसून?" आठही पानं त्या एका कागदावर होती, मी तिथेच उभ्याने वाचली. चिकाचे डाग पडले होते, पण एक अक्षर गेलं नव्हतं.

दारापलीकडे काय होतं ते आता सांगते. बहीण कडी काढते. बाहेर साधी सकाळ असते, गवत असतं, आणि दाराशेजारी एका दगडावर एक म्हातारा राखणदार बसलेला असतो. बाहेरचं जग कधीच सावरलं होतं. बाहेर ठीक झालं की आत कळवून दार उघडवायचं काम त्याच्याकडे होतं. पहिल्या वर्षी तो विसरला. कामं खूप होती, राहून गेलं. आठवलं तेव्हा वर्ष उलटलं होतं, आणि आता उघडलं तर लोक विचारतील, इतका उशीर का? म्हणून त्याने आणखी थोडं थांबायचं ठरवलं. मग लाज वाटायला लागली. मग रोजचंच झालं. आतले लोक दारावर ठोकत ते त्याला ऐकू यायचं. तो बहिणीपुढे मान खाली घालून हे सगळं सांगतो. ती त्याला काही बोलत नाही. त्याच्याच दगडावर त्याच्या शेजारी बसते आणि उजाडताना बघते. संपलं.

मी परतीच्या एसटीत ठरवलं होतं की अण्णांना जाऊन सांगायचं. कागद होता, पानं परत जुळवता आली असती. पण खिळे सोडवून लग्नपत्रिकांना लावलेले, मशीनला सवड नाही, आणि प्रकाशन एक मेला, म्हणजे तीन दिवसांवर. अण्णांच्या तोंडाला मी भीत नव्हते. मला भीती होती ती त्या वाक्याची, शालूताईच्या हातून एक पान इकडचं तिकडे झालेलं नाही. ते वाक्य पुन्हा कधी ऐकायला मिळणार नव्हतं. छापखान्यात शिरले तर अण्णा एका गिऱ्हाइकाला नेमकं तेच सांगत होते. मी टेबलापाशी गेले आणि अकरा फर्म्यांचं पुस्तक जुळवायला लागले. "कडी हाताला थंड लागली", पूर्णविराम, खाली कोरी जागा. बघणाऱ्याला वाटावं, इथेच संपलं.

पुस्तकं जीपने अलोऱ्याला गेली. प्रकाशनाचं बोलावणं आम्हा सगळ्यांना होतं. न जावं तर संशय येईल म्हणून मी गेले. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात शेवटचं पान वाचून दाखवलं आणि म्हणाले, काय धाडस आहे बघा, लेखकाने दार उघडलंच नाही, ते आपल्यावर सोडलं. टाळ्या पडल्या. शेलारसाहेबांनी समोरची प्रत उचलली, मागून उघडली, एक पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. मी खाली बघितलं. त्यानंतर माझी वर बघायची हिंमत झाली नाही.

ते कधी विचारायला आले नाहीत. अण्णांकडेही तक्रार नाही. पुस्तक खपलं, लोकांनी नावाजलं, त्यांना पत्रं यायची म्हणे. मी आपली दार वाजलं की दचकायची. कागद मी जुन्या साडीच्या घडीत ठेवला. दर वर्षी दसरा झाला की पावसातला दमट वास घालवायला सगळे कपडे उन्हात टाकायची, तेव्हा तोही गच्चीवर पसरायची, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवून, आणि शेजारी बसून राहायची. संध्याकाळी पुन्हा घडी. मुलं मोठी झाली, अण्णा गेले, खिळे भंगारात गेले, छापखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान झालं. कागद मात्र ठेवला. फाडून टाकावा असंही कितीदा मनात आलं. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी मार्गशीर्षात दारासमोर गाडी थांबली. लेकीचा हात धरून शेलारसाहेब उतरले. ऐंशीच्या आसपासचे, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही. त्यांनी दुसरा भाग लिहिला होता. म्हणजे ते सांगायचे आणि लेक वैशाली कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. तिने मोठ्या अक्षरात सगळं छापून आणलं होतं, कागदाच्या एकाच बाजूला, आणि त्याची मजबूत बांधलेली एक प्रत हवी होती. घरोघर विचारत माझ्यापर्यंत पोचले होते. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले,

"ताई, पहिल्या भागाची शेवटची आठ पानं तुमच्याकडे आहेत का?"

मी म्हटलं, "नाही."

तीस वर्षं उत्तर तयार ठेवलेलं, ते आपोआप आलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, मूळ लेखन गेलं, आता मलाही नीट आठवत नाही. दाराबाहेर कुणीतरी होतं एवढं आठवतंय. असो, त्यावाचून लिहिलंय. आणि चहा घेऊन गेले.

बांधायला आणलेले ते कागद मी वाचायला घेतले. ह्यांना घड्या नव्हत्या, सरळ एकामागून एक. दुसरा भाग असा होता. दार उघडून वाचलेली माणसं बाहेर येतात. आपल्यापासून खरं कुणी लपवलं आणि का, ह्याचा शोध घेत गावोगाव फिरतात. कधी अंगावर ऊन न पडलेली माणसं, त्यांची कातडी सोलवटते, डोळ्यांतून पाणी वाहतं, पण ती थांबत नाहीत. फार चांगलं लिहिलंय. आणि शेवटी त्यांना राखणदार सापडतो. मुद्दाम दार बंद ठेवणारा, दुष्ट, आतल्यांच्या ठोकण्याला हसणारा. ते त्याला काही विचारत नाहीत. सातव्या बोगद्यात ढकलतात आणि बाहेरून कडी घालतात. तो आतून ठोकत राहतो. समाप्त.

मला रडू आलं, आणि रागही आला. असा नव्हता हो तो! मी त्या माणसाला ओळखत होते. तीस वर्षं त्याच्याबरोबर काढली होती. माझं काय व्हायचं ते होवो, पण त्या म्हाताऱ्याला असं कोंडलेलं मला बघवेना.

प्रत बांधून झाली. कापडी पाठ, हाताने शिवलेली, आयुष्यातलं माझं चांगल्यांतलं काम. साडीतला कागद काढून प्रतीत ठेवला आणि सकाळच्या गाडीने चिपळूणला, तिथून अलोऱ्याला गेले. शेलारसाहेब ओटीवर खुर्चीत बसले होते. वैशाली घरातच होती. मी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाठीवरून बोटं फिरवली, टाके चाचपले.

मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी मी खोटं बोलले. आठ पानं माझ्याकडे आहेत. रद्दीत मीच घालवली होती, आणि मीच लपवलं."

ते म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. कागद न उघडताही म्हणता आलं असतं, पण उघडला, कारण हाताला काहीतरी धरायला हवं होतं. वैशाली आतून येऊन दाराशी उभी राहिली. राखणदार मान खाली घालतो ती ओळ मी दोनदा वाचली. बहीण दगडावर बसते तिथपर्यंत वाचलं आणि घडी केली.

 शेलारसाहेब म्हणाले, हे मी लिहिलं होतं? वैशालीने कागद हातात घेऊन बघितला आणि हो म्हणाली. त्यांनी मला तिथलं सगळं विचारलं, भिंतीलगतची थप्पी, इस्माईलभाई, आंब्याचे दिवस, शेडमधली बाई. मी सांगत गेले. वाशीला गेलेल्या पेट्यांचं ऐकून ते हसले सुद्धा. म्हणाले, कुणीतरी आंबा खाताना शेवट वाचला असेल आणि सुरुवात शोधत बसला असेल.

मग ते गंभीर झाले. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. प्रकाशनाच्या मांडवात सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि मी एकटी जमिनीकडे, तेव्हाच. दुसऱ्या दिवशी छापखान्यात येऊन भांडायचं ठरवलं होतं. पण पाहुण्यांनी इतकं कौतुक केलेलं, आता शेवट चुकून राहिला म्हणून कसं सांगायचं? त्यांनाही मोठेपणाचा मोह झाला. पत्रं येत गेली, दार का उघडलं नाहीत म्हणून, आणि ते प्रत्येकाला खोटंच उत्तर लिहीत गेले. जितकी उत्तरं लिहिली तितका माझ्यावरचा राग वाढत गेला.

"खरं सांगू का ताई?" ते म्हणाले. "दुसऱ्या भागातला राखणदार लिहिताना मला तुम्ही दिसत होता. तुम्हालाच मी बोगद्यात घातलं."

"मला वाचतानाच कळलं होतं," मी म्हटलं.

माफ केलं, असं काही ते म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही, मागायला तोंड नव्हतं. त्यांनी वैशालीला चहा टाकायला सांगितला. चहा येईपर्यंत आम्ही दोघं ओटीवर शेजारी बसलो. समोर डोंगर होता, ज्याच्या आत त्यांनी नोकरी काढली. त्यांना तो आता दिसत नव्हता, पण तोंड तिकडेच होतं.

चहा झाल्यावर त्यांनी वैशालीला वही आणायला लावली. म्हणाले, शेवटचं प्रकरण काढून टाक, नवीन लिहायचंय. कोंडायचं नाही त्याला. पण असंच सोडायचंही नाही. आतली माणसं त्याला एक प्रश्न विचारणार. मग माझ्याकडे वळले आणि तो प्रश्न मलाच विचारला.

"इतकी वर्षं काय करत होतात?"

आवाजात राग नव्हता, पण प्रश्न खरा होता. मी सबबी शोधल्या, मुलं होती, नोकरी होती, अण्णांचं वाक्य होतं. त्यातली एकही सांगण्याजोगी वाटेना. शेवटी जे करत होते तेच सांगितलं.

"दर दसऱ्यानंतर त्याला ऊन दाखवत होते."

त्यांनी हात पुढे केला. मी कागद त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो नाकाशी नेला, आणि म्हणाले, आंब्याचा वास नाही राहिला. मग वैशालीला म्हणाले, लिही.

दुसरा भाग ह्या श्रावणात आला. सुरुवातीला ती आठ पानं जशीच्या तशी आहेत. छपाई रत्नागिरीतच झाली, तीनशे प्रती. शेलारसाहेबांचा हट्ट होता म्हणून जुळवणीला मी गेले, गुडघ्यांना पट्टे बांधून. टेबलावर आधी शेवटच्या फर्म्याची थप्पी लावली आणि मग बाकीच्या. झाल्यावर देवरूखच्या मास्तरांसारखी बसून तीनशेच्या तीनशे प्रतींची पानं मोजली. तिथल्या बायका हसत होत्या. हसू देत.

शेवटच्या प्रकरणात माणसं राखणदाराला विचारतात, इतकी वर्षं काय करत होतास? तो म्हणतो, "रोज बिजागऱ्यांना तेल घालत होतो, म्हणजे तुम्ही उघडाल तेव्हा दार अडायला नको." मी शेलारसाहेबांना फोन करून म्हटलं, साहेब, मी तर ऊन म्हटलं होतं. ते म्हणाले, ताई, विचारणारी माणसं जन्मभर बोगद्यात राहिलेली. ऊन त्यांना फक्त भाजतं, ऊन दाखवणं म्हणजे जपणं, ते त्यांना कसं कळणार?